गंधकाचा खडा

१

उल्हासनगरच्या बाजारात अस्सल माल मिळतो असं कुणी म्हणालं तर पार कल्याणपर्यंत हशा पिकतो. पण त्याच बाजारात, जीन्सच्या गोदामामागच्या बोळात, होतचंद शेठच्या माडीवर सुदाम रोकडे अर्ध्या आयुष्यापासून खड्यांना पैलू पाडत बसला होता आणि त्याच्या शब्दाला किंमत होती. खडा हातात आला की तो आधी खालच्या ओठाला लावायचा. अस्सल खडा ओठाला गार लागतो, काच कोमट लागते. भिंग, तराजू ही सगळी नंतरची पूजा.

त्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने विचारलं तर खड्यातला दोष सांगायचा. शेठ समोर बसून डोळे वटारत असला तरी सांगायचा. न विचारता मात्र सांगायचा नाही. कोंदणात बसवला की दोष झाकला जातो, ज्याला बघायचा त्याने आधी बघून घ्यावा. बोळातले सगळेच कारागीर न विचारता गप्प बसायचे, पण विचारल्यावर खरं बोलणारे थोडे, म्हणून सुदामचं नाव झालं. चोख माणूस, असं लोक म्हणायचे आणि सुदामलाही ते पटलं होतं. स्वतःबद्दलचं चांगलं माणसाला फार लवकर पटतं.

होळी झाल्यावर एकदा शेठने कापूस घातलेली डबी त्याच्यापुढे ठेवली.

"हाथ मत लगाना, साईं. आधी फक्त बघ."

आत चारपाच पिवळेधमक खडे होते. आरपार दिसणारे, पिकल्या लिंबाच्या रंगाचे. सुदामला आधी पुष्कराज वाटला, मग वाटेना.

"गंधक आहे," शेठ म्हणाला. "इटलीच्या खाणीतला. शौकीन लोकांचा माल. अंगठीत बसत नाही, गळ्यात घालता येत नाही, डबीत ठेवायचा आणि बघायचा. जर्मनीच्या पार्टीला पैलू पाडून पाहिजे. मुंबईत तिघांनी हात जोडले. बोलले, उल्हासनगरला सुदामकडे जा."

गंधक म्हटल्यावर सुदामला हसूच आलं. अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला गंधक म्हणजे कंपनीच्या गेटातून आत जाणारी गोणी. पण हा गंधक वेगळा होता. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, आणि तरी चमक हिऱ्याच्या जवळ जाणारी. कागदावर रेघ ओढून खडा वर ठेवला तर आतून एका रेघेच्या दोन दिसायच्या. सवयीने ओठाला लावला तर गार लागेना, काचेपेक्षाही कोमट. इतक्या वर्षांत सुदामचा ओठ पहिल्यांदा फसला.

शेठने एक फुटका तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "आता मूठ बंद कर. कानाशी ने."

सुदामने नेली. मुठीच्या आत बारीक चुरचुर सुरू झाली, पलीकडच्या खोलीत कुणी कुरमुरे खात असावं तशी. त्याने दचकून मूठ उघडली.

"हाताची गरमी," शेठ खूश होऊन म्हणाला. "वरच्या कातडीला लागते, आत जात नाही. वरचं फुगतं, आतलं तसंच राहतं. मग आतल्या आत तडकतो. म्हणून कोणी हात लावायला तयार नाही. खराब तुकडा ठेव तुझ्याकडे, सवय होईल."

माडीवरच्या सगळ्यांनी तो तुकडा मुठीत धरून ऐकला. चहावाल्यानेही ऐकला. सगळ्यांच्या हातात तो बोलला.

२

संध्याकाळी सुदामने तो तुकडा कापसात गुंडाळून अंबरनाथला घरी नेला. पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, दोन खोल्यांचं घर. घरात तो, बायको चांगुणा आणि मुलगा सम्यक.

सम्यकबद्दल इमारतीत अजून दबक्या आवाजात बोलत. आदल्या वर्षी बदलापूरच्या एमआयडीसीत, तो कामाला होता त्या कंपनीत, गॅस सुटला होता. त्याच्यासोबत बदलापूर गावातला रघु होता. रघु जागेवरच गेला. सम्यकला दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरने बाहेर येऊन सुदामच्या खांद्यावर हात ठेवला. पण आत चांगुणा मुलाचा हात धरून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती. नर्सने सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, सुदामने स्वतः तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. दिवस मावळता मावळता सम्यकने डोळे उघडले आणि म्हणाला, "आई, भूक लागली."

डॉक्टर म्हणाले, मशीनची वायर निघाली असावी.

तेव्हापासून सम्यक गुणाचा पुतळा झाला होता. गुटखा सुटला, मोबाईलवरची भांडणं संपली, नाक्यावरची पोरं सुटली. कंपनीने त्याला परत घेतलं आणि कायमची रात्रपाळी दिली. त्याने एकही खाडा केला नव्हता. शेजारणी आपल्या पोरांना त्याचा दाखला देत.

"बघ गं, गंमत," म्हणत सुदामने तुकडा चांगुणाच्या हातात दिला. एप्रिल लागला होता, भिंती तापलेल्या होत्या, आणि चांगुणा स्वेटर घालून बसली होती. हिवाळ्यात चढवलेला तिने उतरवलाच नव्हता. तिने मूठ कानाशी नेली, बराच वेळ ऐकलं. "अगं बाई, आहे खरं. बारीक आहे पण." सुदामने वाकून ऐकलं. त्याच्या स्वतःच्या मुठीपेक्षा कितीतरी बारीक होतं.

सम्यक नुकताच झोपून उठला होता. डबा भरून तयार, ड्यूटीला निघायचं होतं.

"दाखवा ना, बाबा."

त्याने मूठ मिटली. कानाशी नेली. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग मूठ सुदामच्या कानाशी धरली. पंख्याची घरघर ऐकू आली, खालची रिक्षा ऐकू आली. मुठीतून काही नाही.

"हात धुतलेस काय रे आत्ता?"

"नाही."

सम्यकने तुकडा परत दिला. सुदामच्या बोटांत आल्या आल्या तो चुरचुरू लागला.

"तुमच्याकडे बोलतो," सम्यक हसून म्हणाला, आणि डबा उचलून निघाला. चांगुणा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सुदामकडे तिने बघितलं नाही.

३

माणूस खड्याचा दोष पटकन बघतो, घरातला बघायला वेळ लावतो. सुदामने स्वतःची समजूत घातली की गॅसने रक्त पातळ झालं असेल, पोराला नीट खायला घातलं पाहिजे. रात्रपाळीच्या माणसाचं अंग असंच राहतं असंही त्याने कुणाकडून तरी ऐकून घेतलं. ऐकायचं असलं की सांगणारा भेटतोच.

तरी त्याने एकदा ताप बघायच्या निमित्ताने सम्यकच्या कपाळाला हात लावला. गार असतं तर बरं झालं असतं, निदान डॉक्टरकडे नेता आलं असतं. ते गारही नव्हतं आणि गरमही नव्हतं. खोली जेवढी तापली होती तेवढंच कपाळ होतं. बाजूच्या स्टीलच्या डब्याला हात लावला तर तोही तसाच लागला.

मग रविवारची दुपार आली. सुदामला पाणी प्यायचं होतं म्हणून तो आतल्या खोलीत गेला. सतरंजीवर सम्यक झोपला होता आणि त्याच्या शेजारी चांगुणा, लहानपणी निजवायची तशी, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन. खिडकीला जुनी साडी लावलेली, उजेड पिवळा. सुदाम माठाशी उभा राहून बघत राहिला, कारण चित्र चांगलं होतं.

चांगुणाची छाती वर आली. सम्यकची आली. तिची खाली गेली, त्याची गेली. बरोबरीने नाही, किंचित मागून. एखादा पोरगा परीक्षेत शेजारच्याच्या कागदावर बघून लिहितो, तसं.

सुदामने स्वतःला सांगितलं, जवळ झोपलेल्यांचा श्वास जुळतो, आपलाही जुळत असेल. तेवढ्यात चांगुणाला ठसका लागला. ती झोपेतच खोकली आणि तिचा श्वास अडकला. सम्यकची छाती थांबली. तिचा खोकला संपून पुढचा श्वास येईपर्यंत ती थांबूनच राहिली. तोंडावर काही त्रास नाही, काही धडपड नाही. पाढे म्हणवून घेणारा गप्प झाल्यावर वर्ग गप्प होतो, तेवढंच.

सुदामला भीती वाटली. आपल्या पोटच्या पोराची वाटली, आणि त्याची त्याला त्याहून जास्त लाज वाटली. हातातला पेला त्याने न पिताच माठावर उपडा घातला.

४

त्याच आठवड्यात रघुची आई आली. वेणूबाई. बदलापूर गावात तिची शेती होती, आता तिथे इमारती होत्या आणि ती त्यातल्या एकीच्या मागे राहायची. रघु गेल्यापासून आली नव्हती. येताना परसातली अळूची पानं घेऊन आली.

"सम्यकला बघाला आयले," ती म्हणाली. "माज्या रघुला शेवटचा त्येनीच बघला."

सम्यक बाहेर येऊन तिच्यासमोर बसला. वेणूबाईने रघुबद्दल विचारलं. शेवटी काय बोलला, घाबरला होता का. सम्यकने सगळं सांगितलं, व्यवस्थित, एकही गोष्ट न विसरता. रघुने आईचं नाव घेतलं, मग पाणी मागितलं. सांगताना त्याचा आवाज कुठे कापला नाही की कुठे दाटला नाही. वेणूबाईने रडत रडत त्याचे हात हातात घेतले आणि तिचं रडणं मध्येच थांबलं.

तिने हात सोडून पदराला पुसले.

सुदाम तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. कठड्याला धरून ती म्हणाली, "दादा, मी तुमच्यावर जलत होते. माजा गेला नं तुमचा आयला म्हनून. देवाला शिव्या घातल्या मी."

"असं होतं माणसाचं, वेणूताई."

"आता नाय जलनार." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "माजा मेला ता मेला. मना रडाला तरी मिलला. तुमाला ता पन नाय मिललं."

सुदामला राग आला पाहिजे होता. त्याला रडू आलं, आणि ते त्याने जिन्यातच उरकलं, कारण वर जिवंत पोरगा बसला होता आणि त्याच्यासमोर रडणार कशासाठी?

५

चांगुणा मेथी निवडत बसली होती. स्वेटरवरून तिने आता शालही घेतली होती. तिचे गाल बसले होते, ओठांना निळसर रंग आला होता. सम्यक ड्यूटीवर गेला होता.

"चांगुणा, त्याच्या हाताला ऊब नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "माहितीये."

"कधीपासून?"

"दवाखान्यापासून. हात माझ्याच हातात होता ना? गार पडत चालला, मला नाही कळणार? सगळे म्हणाले सोड. तुम्ही पण म्हणालात. नाही सोडला मी. मग त्यानं डोळे उघडले."

"तो सम्यकच आहे का?"

आता तिने वर बघितलं. सुदामने तिची अशी नजर पूर्वी पाहिली नव्हती.

"मला आई म्हणतो. मेथी आधी खात नव्हता, आता पण बाजूला सारतो. तुम्हाला अजून काय दाखला पाहिजे? तुमचं भिंग आणू?"

तिने काड्या कागदात गुंडाळल्या, उठायला गेली आणि तिला उठता येईना. त्याने दंडाला धरून उठवलं. स्वेटरच्या आतला दंड एवढासा झाला होता. या बाईशी त्याने अख्खा संसार केला होता. ती मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी, नळावर चार बायकांना पुरून उरणारी बाई होती. आता दंड धरला तर बोटाला बोट लागत होतं.

"त्याच्यासाठी मुलगी बघा," ती म्हणाली. "लवकर बघा. माझ्या एकटीच्यानं नाही होत आता."

सुदामला कळलं. कळलं नाही असं तो पुढे स्वतःला पुष्कळदा सांगायचा, पण त्या संध्याकाळी, तिचा दंड हातात असताना, त्याला सगळं कळलं होतं.

मुलगी उल्हासनगरातच मिळाली, चार नंबर कॅम्पातली. प्रीती नाव. मुलांच्या दवाखान्यात कागदपत्रं बघायची आणि रडणाऱ्या पोरांना हसवायची. वडील देवदत्त टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. ते तिला घेऊन अंबरनाथला आले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार घालून झाला, पोहे झाले. सम्यक जे विचारलं ते आणि तेवढंच बोलला.

प्रीतीला कपाटावरच्या उघड्या डबीतला पिवळा तुकडा दिसला. "बाबा म्हणाले तुम्ही खडे घडवता. हा कुठला?"

सुदामने सांगितलं. तिने हात पुढे केला. तो नाही म्हणू शकला नाही.

मूठ कानापर्यंत न्यायची गरजच पडली नाही. तिच्या हातात तुकडा इतका तडतडला की समोरच्या खुर्चीवर देवदत्तांना ऐकू आला. प्रीती खळखळून हसली. "अगं बाई, फुटणार हा! माझे हात असेच आहेत, थंडीत पोरं माझे हात धरून बसतात."

सगळे हसले. सुदामने चांगुणाकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिची नजर त्या मुठीवर होती. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तशी. सम्यकही तिथेच बघत होता.

"मुलगी पसंत आहे," चांगुणा म्हणाली.

निघताना देवदत्तांनी सुदामचा हात हातात घेतला. सुदामने त्या क्षणाची वाट बघितली होती. आता हा विचारेल. दुखणं पूर्ण गेलं का, मुलात काही उणं नाही ना. विचारलं की सांगायचं. त्याने मनाशी शब्दही जुळवले होते.

"सुदामदादा, मुलीचा बाप म्हणून चार प्रश्न लिहून आणले होते," देवदत्त म्हणाले. "पण बाजारात चौकशी केली. लोक म्हणाले, ते चोख माणूस आहेत, त्यांच्या घरात देताय तर डोळे मिटून द्या. म्हणून मी काही विचारतच नाही."

सुदामने हात जोडले. "जय भीम," म्हणाला.

"जय भीम, दादा."

ते जिना उतरेपर्यंत तो कठड्याशी उभा होता. एक हाक मारायची होती. आत चांगुणा खोकत होती.

६

लग्न मे महिन्यात झालं. प्रीतीने पांढरी साडी नेसली होती, सम्यक पांढऱ्या सदऱ्यात राजबिंडा दिसत होता. मंडपात लोक रुमालाने घाम पुसत होते. सम्यकच्या कपाळावर थेंब नव्हता. कुणी बघितलं असेल तर भाग्यवान म्हणालं असेल.

आठ-पंधरा दिवसांत चांगुणाने स्वेटर काढला. जूनमध्ये ती पुन्हा नळावर भांडली. गालांवर मांस आलं, आवाज आला, एकदा तर शेजारणीला टाळी देऊन हसली. सुदाम दुकानातून येताना तिच्यासाठी गजरा आणू लागला. इतक्या वर्षांत न केलेली गोष्ट. तिकडे माडीवर जर्मनीवाल्याचा पहिला खडाही उतरला. प्रत्येक पैलू गार पाण्यात, पंखा बंद करून, श्वास रोखून पाडलेला. शेठने भिंगाखाली धरला आणि सिंधीत काहीतरी पुटपुटत सुदामच्या पाठीवर थाप मारली. सुदामला वाटलं, दिवस पालटले.

प्रीतीकडे तो फारसा बघत नसे. सून आहे, बघू नये, अशी त्याची रीत होती. तिचं हसणं हल्ली ऐकू येत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. नव्या नवरीला माहेर आठवतं, तो म्हणाला. दवाखान्यातली नोकरी तिने सोडली. बरं झालं, तो म्हणाला, दगदग वाचली.

एकदा सकाळी सम्यक रात्रपाळीवरून आला आणि कपडेही न बदलता सुदामपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, तो खडा कुठाय?"

"कशाला रे?"

"द्या ना."

सुदामने डबी काढली. आता तो तुकडा आतून धुरकट झाला होता, पिवळा रंग मेला होता. सम्यकने तो मुठीत घेतला आणि मूठ सुदामच्या कानाला लावली.

चुरचुर. स्पष्ट, भरघोस. बोटं कानाला लागली तीसुद्धा गरम होती, तापाच्या माणसासारखी.

"आता माझ्याकडे पण बोलतो," सम्यक म्हणाला, आणि हसला. गॅसच्या आधी हसायचा तसा, डावा कोपरा आधी वर जाऊन. चांगुणा धावत आली, त्याची मूठ आपल्या कानाशी धरून रडायलाच लागली. आपलं पोर परत आलं म्हणून बापालाही आनंद व्हायला हवा होता, आणि झाला. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा आनंदच झाला.

मग स्वयंपाकघराच्या दारात त्याला प्रीती दिसली. पावसाने ओढ दिली होती, बाहेर अंगाची लाही होत होती आणि ती भिंतीला टेकून दोन्ही हात काखेत घालून उभी होती.

७

जुलैत, पाऊस उघडलेल्या एका दुपारी बाजार अचानक बंद झाला आणि सुदाम लवकर घरी आला. चांगुणा शेजारी गप्पा मारत होती. तिचा आवाज जिन्यातूनच ऐकू येत होता. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं.

त्याने बघायला नको होतं. त्याची नजर गेली.

सम्यक पाठीवर झोपला होता, रंग तुकतुकीत, ओठ लाल. प्रीती त्याच्या शेजारी पडली होती. तिचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत धरला होता. तिचे डोळे उघडे होते, छताकडे. सम्यकची छाती वर आली. थोडं थांबून तिची आली. त्याची खाली गेली. थोडं थांबून तिची गेली.

सुदाम उंबऱ्याशी किती वेळ उभा होता त्याला सांगता आलं नसतं. प्रीतीने मान न हलवता डोळे त्याच्याकडे वळवले. त्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर सुदामला सोपं गेलं असतं.

ती हळूच हात सोडवून उठली आणि बाहेर आली. गॅलरीत ऊन होतं, तिथे भिंतीशी बसली. सुदामने तिला पाणी दिलं. पेला घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि त्याने हात मागे घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

अखेर कुणीतरी विचारलं होतं. सुदामने रस्त्याकडे बघितलं. समोरच्या गॅलरीत कुणी गादी उन्हात टाकत होतं.

"हो," तो म्हणाला.

प्रीतीने मान हलवली. पाणी प्यायली नाही, पेला नुसता हातात धरून बसली.

"घरी जा, पोरी. आत्ता जा. मी सोडतो तुला, चल. देवदत्तांना मी सांगतो सगळं. चपला घाल."

"सकाळी माहेरच्या लँडलाइनवर आईला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, मला न्यायला ये."

"मग?"

"ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं आई, मी, प्रीती. ती म्हणाली, चेष्टा करू नका, माझ्या प्रीतीचा आवाज मी ओळखते." प्रीती सांगत होती आणि तिच्या आवाजात कुठे कंप नव्हता, कुठे दाटलेपण नव्हतं. "मग माझ्या बाबांनी फोन घेतला. ते पण म्हणाले, राँग नंबर."

आतून सम्यकची जांभई ऐकू आली, लांबलचक, भरल्या पोटाची.

शेजारच्या दारातून चांगुणा खणखणीत ओरडली, "अगं प्रीती! सम्यक उठला वाटतं, चहा टाक! सगळ्यांना टाक!"

प्रीती उठली, पेला ठेवला आणि आत गेली. सुदाम गॅलरीत तसाच बसून राहिला. पलीकडे चांगुणा कशावर तरी मोठ्याने हसत होती, पूर्वी हसायची तशी. आणि इतकं सगळं होऊनही, ते हसणं ऐकून त्याला बरं वाटलं.